दोन जोड कपडे

माझ्याकडे कपड्यांचे दोन जोड आहेत. एक टाकीत उतरायचा. दुसरा, टाकी धुवायचं काम मिळवायला जायचा. पहिल्यात अर्धी चड्डी, जुना टी-शर्ट आणि गमबूट. दुसऱ्यात फिक्या रंगाचा इस्त्रीचा शर्ट, काळी पँट, पॉलिश केलेले बूट. अंग तेच, जीभ तीच. रेट मात्र कपड्यागणिक बदलतो. या दोन जोडांच्या मधे माझी जी फरफट झाली ती लिहायची आहे. वस्तीतली बरीच पोरं नोकरीची वाट बघून कंटाळलीत. कुणी वायरिंगची कामं घेतो, कुणी पेस्ट कंट्रोल, कुणी एसी दुरुस्ती. त्यांना उद्या गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहायचं आहे. म्हणून लिहितो.

आमचा धंदा पुण्यातला. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुतो. मी, माझा चुलतभाऊ आणि वस्तीतली चार पोरं. जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी, दोन्ही. आधी येणारं पाणी बंद करायचं, टाकी पंपानं उपसायची, तळाचा गाळ बादल्यांनी वर काढायचा, भिंती ब्रशनं घासायच्या, जेटनं धुवायच्या, ते पाणी पुन्हा उपसायचं आणि शेवटी क्लोरीनचं पाणी मारायचं. झाकण उघडल्या-उघडल्या कुणी आत उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची. आत माणूस असेपर्यंत वर एकानं दोर धरून बसायचं. हे नियम आम्ही मोडत नाही.

आता जरा थांबून विचार करा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यावर आपल्या माणसांची डोकी फुटली. मग तळं बाटलं म्हणून दूध, दही, शेण, गोमूत्राच्या घागरी ओतून ते शुद्ध करून घेतलं गेलं. आणि आज मी, त्याच माणसांचा वंशज, ज्या टाकीतलं पाणी अख्खी सोसायटी पिते त्या टाकीत कमरेएवढा उतरतो आणि ती शुद्ध करून देतो. घागरींच्या जागी क्लोरीन. वर पावती फाडून पैसे घेतो. हा धंदा निवडताना यातलं काही डोक्यात नव्हतं. भांडवल कमी लागतं, एवढंच बघितलं होतं. पण एकदा टाकीच्या तळाशी उभं राहून वर झाकणाएवढं आभाळ बघताना हे सुचलं आणि मी एकटाच हसलो. वरून भाऊ ओरडला, ‘काय झालं रं? गॅस-बीस न्हाई ना चढला?’

पहिली कामं मागायला मी कामाच्याच कपड्यांत गेलो होतो. वाटलं, काम करणारा माणूस कामाच्या कपड्यांत दिसला तर लोकांना भरवसा वाटेल. गेटवर वॉचमननं मागच्या दारानं जायला सांगितलं. सेक्रेटरी खाली पार्किंगमध्ये आले. उभ्या उभ्याच बोलले. ‘काय घेतोस एका टाकीचे?’ मी आकडा सांगितला. त्यांनी निम्मा केला. मी पंप, जेट, क्लोरीन सगळं सांगत होतो, ते मोबाइल बघत होते. निम्म्याच्या वर दोनशे चढवून काम घेतलं. पोरांची मजुरी देऊन माझ्या हातात राहिलं ते पेट्रोलला गेलं.

मग चुलतभावानं डोकं लढवलं. त्याच्या लग्नातला शर्ट मला दिला, धुऊन, इस्त्री करून. बूट बापाचे. बाप महापालिकेच्या झाडू खात्यातून निवृत्त झाला, तेव्हा निरोपसमारंभासाठी त्यानं ते घेतले होते. एकदाच घातलेले. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये टाइप केलेलं कोटेशन, खिशाला पेन. दुसऱ्या सोसायटीत गेलो. वॉचमन उभा राहिला. वही पुढं केली आणि म्हणाला, ‘सर, कुणाकडे?’ ऑफिसात खुर्ची मिळाली, कपबशीतून चहा आला. मी तेच शब्द बोललो. पंप तोच, जेट तोच, आकडा तर आधीपेक्षा मोठा. त्यांनी शंभर-दोनशे घासाघीस केली आणि सही दिली.

त्या दिवशी घरी येऊन मला आनंद झाला आणि रागही आला. आनंद पैशाचा. राग असा की शर्ट बोलला, मी नाहीच. सहाशे रुपयांच्या कापडाला जी खुर्ची मिळाली ती माझ्या हातातल्या कसबाला मिळाली नव्हती.

पण राग येऊन भागत नाही. धंदा करायचा तर रीत शिकावी लागते. ती मी शिकलो, ती सांगून टाकतो. शर्ट फिका आणि पूर्ण बाह्यांचा. फार चकचकीत नको, लग्नाला निघाल्यासारखं दिसतं. नखं कापलेली, कारण नखांतला गाळ पहिल्यांदा दिसतो. गमबुटाचा वास मोज्यांना लागतो, म्हणून भेटीचे मोजे वेगळे ठेवायचे. बूट भारी नसला तरी चालतो, पॉलिश पाहिजे. पावसाळ्यात शर्ट डिकीत ठेवायचा आणि गेटच्या अलीकडं बदलायचा. वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचायचं. ‘साहेब, साहेब’ करायचं नाही, आडनावाला ‘सर’ लावून बोलायचं. आणि कोटेशन लेखीच द्यायचं. तोंडी आकडा त्यांच्या तोंडात गेला की निम्मा होतो.

वस्तीतल्या एकानं मला टोकलं. म्हणाला, ‘साहेब झालास का रं? पांढरपेशा व्हायला निघालास.’ मी त्याला माझ्या पणज्याची गोष्ट सांगितली.

आमचं गाव कराड तालुक्यातलं. आजी सांगायची, ‘तुझा पणजा येसकर व्हता. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. अंगावर जे धडुतं असायचं ते मढ्यावरचं. गावात कुनी मेलं की त्यो मसनवट्यात वाट बघत बसायचा. आपला हक्क व्हता त्यो.’ हक्क! मेलेल्याच्या अंगावरचं कापड हा आमचा हक्क. मोठेपणी कळलं की याला ग्रंथाचा आधार आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावं ते लिहून ठेवलंय, प्रेताची वस्त्रं. म्हणजे आमच्या कपड्यांचा ड्रेसकोड आमच्या जन्माआधीच ठरला होता. आणि ही काही दोन हजार वर्षांपूर्वीचीच गोष्ट नाही. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई लोकांचा दाखला दिलाय. १९२८ मधली बातमी. सवर्णांनी त्यांना फर्मान काढलं होतं, जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचं लेणं घालायचं नाही. माणसाची लायकी त्याच्या धोतराच्या काठावरून मोजणारा हा देश आहे. इथं इस्त्रीचा शर्ट घालणं हा नखरा नाही, उत्तर आहे.

बाबासाहेबांना हे नीट कळलं होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली, त्याच परिषदेत ते आपल्या बायांशी स्वतंत्र बोलले. साडी कशी नेसा, ते गळ्या-हातातले कथलाचे जडजूड दागिने टाकून द्या, अंगावरून ओळख पटेल अशी कुठलीच खूण ठेवू नका, हे त्यांनी सांगितलं. एवढा मोठा माणूस, आणि लुगड्याच्या काठावर बोलतोय. कारण त्या काठावरच जात लिहिलेली होती. गांधींनी १९२१ मध्ये मदुराईला अंगावरचे कपडे उतरवून पंचा घेतला, त्यांना तो शोभला. ज्याच्याकडे असतात तो उतरवू शकतो. बाबासाहेबांनी कोट घातला. आमच्याकडे उतरवायला होतं काय? मढ्यावरचं?

वस्तीतला तो पोरगा गप्प बसला. माझा मुद्दा जिंकला. पण मित्रांनो, खरी गोष्ट इथून पुढं आहे, आणि तिच्यात मी जिंकलेलो नाही.

शर्टानं गेट उघडलं. मग मला वाटायला लागलं की सगळीच गेटं उघडतील, फक्त आपण जरा जपून राहायला पाहिजे. व्हिजिटिंग कार्ड छापलं त्यावर फर्मचं नाव आणि माझं नुसतं नाव. आडनाव गाळलं. आमचं आडनाव असं आहे की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावं लागत नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर ‘जय भीम’ होतं, ते एका रात्री खरवडून काढलं. भावाला सांगितलं, रंग उडाला होता. मोबाइलची रिंगटोन भीमगीताची होती, ती बदलून नुसती टिर्रर्र ठेवली. एकेक करून मी माझ्या अंगावरच्या खुणा काढत गेलो. बाबासाहेबांनी बायांना काढायला सांगितल्या त्या खुणा गुलामीच्या होत्या. मी काढत होतो त्या सुटकेच्या होत्या. एवढा साधा फरक मला तेव्हा कळला नाही.

एका मोठ्या सोसायटीचं काम लागलं. चार बिल्डिंगी, आठ टाक्या, वर्षातून दोनदा. सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ, बोलायला गोड. चहा पाजताना म्हणाले, ‘तुमच्यासारखा नीटनेटका मुलगा या धंद्यात बघून बरं वाटलं. नाहीतर हल्ली कोट्यातून पास झालेले सगळीकडे, काम येत नाही, हक्क मात्र येतात.’ मी चहाचा घोट गिळला. पुढे म्हणाले, ‘गाव कोणतं? कराडकडचे का? वा. म्हणजे मूळचे...’ आणि त्यांनी जागा रिकामी सोडली. मी ती भरली नाही. हसलो. त्यांनी त्यांच्या मनानं काय भरायचं ते भरलं आणि कोटेशनवर सही केली.

बाबासाहेबांच्या आठवणीतली १९०१ सालची एक हकिगत तुम्हाला माहीत असेल. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं घालून लहान भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून निघाले, वडलांना भेटायला गोरेगावला. मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरला कपड्यांवरून वाटलं, ही बामणाची पोरं. मायेनं विचारपूस केली. पोरांनी खरं सांगितलं, आम्ही महार. मास्तर चार पावलं मागं सरला. मग बैलगाडी मिळेना. दुप्पट पैसे देऊन मिळाली ती या अटीवर की पोरांनीच हाकायची आणि गाडीवाला शेजारनं चालणार. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. मसूर आमच्याच तालुक्यातलं. त्या स्टेशनावरनं मी कितीदा गेलोय. नऊ-दहा वर्षांच्या पोरानं तिथं खरं सांगितलं, आणि तिशी उलटलेला मी, पोटात चहा आणि अंगावर इस्त्री असताना, गप्प बसलो.

त्याच सोसायटीत काम चालू असताना एक पोरगं आजारी पडलं. माणूस कमी. बाप म्हणाला, ‘मी येतो, वर उभा ऱ्हाऊन बादल्या वढतो.’ साठी ओलांडलेला माणूस. मी नको म्हणालो, पण त्याला घरी बसवत नाही. उन्हाळ्याचे दिवस. तो पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून गाळाच्या बादल्या वर ओढत होता. हात-तोंड चिखलानं माखलेलं. मी सेक्रेटरींबरोबर दुसऱ्या बिल्डिंगीच्या टाक्या बघत फिरत होतो, शर्ट-बुटात. आम्ही तिथं आलो तसा बाप सेक्रेटरींना म्हणाला, ‘साहेब, जरा प्यायला पानी मिळंल का?’

ज्याचं पाणी आम्ही शुद्ध करत होतो त्याच्याकडं माझा बाप पाणी मागत होता. सेक्रेटरींनी वॉचमनला हाक मारली. कामवाल्यांसाठी वेगळी ठेवलेली बाटली आली. मला मघाशी काचेच्या ग्लासातून मिळालं होतं. मग त्यांनी सहज विचारलं, ‘हे कोण? एवढ्या वयाची माणसं कशाला आणता कामावर?’

मी म्हणालो, ‘आमचा माणूस आहे.’

बापानं बाटली वर धरून, तोंड न लावता पाणी प्यायलं. ते वरून पाणी पिणं त्याला शिकवावं लागलं नव्हतं. माझ्याकडं बघितलं नाही. पुन्हा दोर हातात घेतला.

संध्याकाळी घरी येऊन तो आंघोळ करून दारात बसला. मी त्याच्यासमोर जाईना. शेवटी त्यानंच हाक मारली. म्हणाला, ‘आमचा मानूस म्हनलास. खोटं काय न्हाई त्यात. पर कुनाचा कोन ते सांगितलं न्हाईस.’ आणि थोड्या वेळानं, ‘माज्या खाकी ड्रेसची लाज वाटायची का रं तुला साळंत?’ मी नाही म्हणालो. वाटायची. बाप सकाळी झाडू घेऊन आमच्या शाळेच्या रस्त्यावर असायचा आणि मी पलीकडच्या बाजूनं जायचो. त्याला तेव्हाच कळलेलं असणार. इतकी वर्षं तो बोलला नव्हता.

त्याचे बूट घालून मी गिऱ्हाइकं मिळवली होती. त्या रात्री ते बूट मी पुसले आणि त्याच्या उशाशी ठेवले. माफी मागता आली नाही. आपल्यात बापाची माफी मागायची पद्धत नाही, आणि मला शब्दही सापडला नाही.

दुसऱ्या आठवड्यात नवी कार्डं छापली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पेंटरकडून गाडीवर ‘जय भीम’ पुन्हा लिहून घेतलं, आधीपेक्षा मोठं. पुढच्या खेपेला त्या सेक्रेटरींकडं कोटेशन घेऊन गेलो, तोच शर्ट, तेच कपडे. त्यांनी कार्ड वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. चहा आला नाही. वाईट काही बोलले नाहीत, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, ‘बरं झालं. मागच्या बाजूला ड्रेनेजचं चेंबर तुंबलंय. सेप्टिक टँकचंही बघायचंय. तुमच्याकडं त्या कामाची माणसं असतीलच.’

सहा महिन्यांपूर्वी मी नीटनेटका मुलगा होतो. माझा शर्ट मळला नव्हता, बूट फाटला नव्हता. कार्डावर एक शब्द वाढला आणि पिण्याच्या टाकीतून मी सरळ सेप्टिक टँकमध्ये गेलो.

मी म्हणालो, ‘सर, २०१३ च्या कायद्यानं गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये असा माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आत माणूस मेला तर तीस लाख भरपाई द्यायची, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय. मशीनची गाडी मागवा.’ ते म्हणाले, ‘मी आपलं सहज विचारलं.’ मी म्हणालो, ‘आणि मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, ते कोण. ते माझे वडील.’ ते काही बोलले नाहीत. मी उठलो. आठ टाक्यांचं काम गेलं. त्या वर्षी जेटचं मशीन घ्यायचं ठरवलं होतं, ते लांबलं.

यावर टाळ्या वाजवू नका. काम गेलं ते गेलंच, पोरांचे त्या महिन्याचे खाडे झाले. दोन-तीन सोसायट्यांना कार्ड दिल्यावर पुन्हा फोन आला नाही. त्यांचं कारण तेच होतं की रेट, ते कधी कळणार नाही. आपल्या नशिबी हे न कळणंही असतं. पण बाकीच्या टिकल्या. त्यांना टाकी स्वच्छ पाहिजे, वेळेवर पाहिजे. नव्याही मिळाल्या, पूर्ण नावाच्या कार्डावर.

शर्ट मी सोडलेला नाही. उलट आता सगळ्यांना शिवलेत. निळे. खिशावर फर्मचं नाव. कामाचे कपडे वेगळे, हे वेगळे. टाकी झाली की पोरं तिथंच नळावर हात-पाय धुतात, शर्ट चढवतात, भांग पाडतात. मग चेक घ्यायला आम्ही सगळे ऑफिसात जातो. एकटा मी नाही. पहिल्यांदा लोक गोंधळतात. ‘सगळे कशाला?’ मी सांगतो, काम सगळ्यांनी केलंय, काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा. खुर्च्या कमी पडतात. मग शिपाई आतून आणतो. जोपर्यंत शेवटची खुर्ची येत नाही तोपर्यंत मीही बसत नाही.

बाप आता कामावर येत नाही, गुडघे दुखतात. पण एका सोसायटीत वार्षिक काम झालं, तेव्हा मुद्दाम आला होता. पांढरा शर्ट आणि ते निरोपसमारंभाचे बूट. अध्यक्षबाईंनी विचारलं, ‘हे कोण?’ मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, ‘मी ह्याचा बाप. चाळीस वरसं ह्या शहराचं रस्ते झाडलं.’ आणि खुर्ची ओढून बसला. पाणी आलं. सगळ्यांना एकाच ट्रेमधून, सारख्या ग्लासांतून. बापानं ग्लास उचलला, जरा थांबला, आणि तोंड लावून प्यायला.

जय भीम.